खिट्टी बसली का?

मोटारीची सीट पुढे-मागे करणं हे आपण विचार न करता करतो. सीटखालचा दांडा ओढायचा, बूड जरा सरकवायचं, ‘खट्’ असा आवाज आला की दांडा सोडून द्यायचा. कधी तो आवाज येत नाही. मग पहिल्याच ब्रेकला किंवा पहिल्याच चढाला सीट हलते, माणूस दचकतो, गाडी बाजूला घेतो आणि खिट्टी पुन्हा नीट बसवतो. विषय संपला.

छोट्या विमानात हीच गोष्ट वेगळ्या टोकाला जाऊ शकते. सेस्ना १७२ हे चार जणांचं, एका इंजिनाचं विमान. १९५६ मध्ये ते बाजारात आलं आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून जास्त बनली. जगात याहून जास्त संख्येने दुसरं विमान बनलेलं नाही. त्यात वैमानिकाची सीट ॲल्युमिनियमच्या दोन रुळांवर, छोट्या चाकांवर सरकते. रुळाला ओळीने भोकं असतात आणि सीटखालची पिन त्यांपैकी एखाद्या भोकात उतरते. ही झाली खिट्टी. वैमानिकाला आकाशात पेडलांपाशी आणि योकपाशी, म्हणजे स्टिअरिंगसारख्या दिसणाऱ्या दांड्यापाशी, धरून ठेवते ती हीच.

आता ही पिन भोकात पूर्ण उतरलेली नाही असं समजा. जमिनीवर काहीच जाणवत नाही. विमान धावपट्टीवर वेग घेतं, त्या वाढत्या वेगाचा रेटा वैमानिकाला पाठीकडे दाबतो. ताशी शंभरेक किलोमीटरला तो नाक वर उचलतो. नाक वर गेलं की रूळही मागे उतरते होतात. अर्धवट अडकलेली पिन सुटायला याहून सोयीचा क्षण नाही. सीट धाडकन मागे जाते, पाय पेडलांवरून निघतात. आणि घसरणारा माणूस जे करतो तेच तो करतो: हाताशी जे असेल ते घट्ट धरतो. हाताशी असतो योक. योक मागे ओढला की नाक आणखी वर जातं, पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान उडण्याऐवजी पडू लागतं. जमीन तेव्हा पन्नास-शंभर फुटांवर असते. सावरायला तेवढी उंची पुरत नाही.

तोल जाताना आधार शोधणं ही माणसाची सवय. इथे आधार म्हणून जे हातात येतं, तेच विमानाला पाडतं.

अट्ठेचाळीस कोटी डॉलर

१९८९ मध्ये फ्लोरिडा राज्यातल्या पेन्साकोला शहराजवळ एक सेस्ना १८५ कोसळलं. आतले तिघे गंभीर जखमी झाले. वैमानिकाची सीट मागे घसरली आणि त्यामुळे ताबा सुटला, असं त्यांचं म्हणणं होतं. खटला बारा वर्षं रेंगाळला. ऑगस्ट २००१ मध्ये पेन्साकोलातल्या ज्यूरीने निकाल दिला: सेस्ना कंपनीने एकूण ४८ कोटी डॉलर द्यावेत. त्यातले ४० कोटी दंडात्मक होते, म्हणजे नुकसान भरून देण्यासाठी नव्हे, तर कंपनीला अद्दल घडावी म्हणून. कंपनीने निकालाविरुद्ध अपिलाची भूमिका घेतली. छोट्या विमानांच्या जगात मात्र या आकड्याची चर्चा कित्येक वर्षं चालू राहिली.

अशा खटल्यांत सिद्ध करणं फार अवघड जातं. विमान आपटलं की सीट तसंही रुळावरून उखडते. ढिगाऱ्यात ती मागे सापडली, तर अपघाताआधी घसरली की अपघातामुळे? पिन भोकात बसवलीच नव्हती, की बसवलेली निसटली? झिजलेलं भोक खूप काही सांगतं. पण आघाताने फाटलेलं भोक आणि वर्षानुवर्षं घासून लांबट झालेलं भोक वेगळं ओळखायला अनुभवी नजर लागते.

पण पेन्साकोलातलं विमान पडण्याआधीच हा धोका सगळ्यांना माहीत होता. अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेने, म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन किंवा एफएएने, १९८७ मध्येच सेस्नाच्या सीटांचे रूळ ठरावीक काळाने तपासण्याचा आदेश काढला होता.

पत्रक आणि आदेश

छोट्या विमानाच्या मालकाकडे येणाऱ्या कागदांत दोन कागद सारखेच दिसतात, पण त्यांची जात वेगळी.

पहिला सर्व्हिस बुलेटिन. हे कंपनीचं पत्रक: अमुक भाग झिजतो आहे, तमुक तासांनी बघा, हा नवा सुटा भाग बसवा. त्याच्या माथ्यावर कधी ‘शिफारस’, कधी ‘तातडीचे’, तर कधी चक्क ‘मँडेटरी’ छापलेलं असतं. दुसरा कागद एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. हँगरमधली माणसं त्याला नुसतं ‘एडी’ म्हणतात. तो सरकारचा आदेश. अमेरिकन हवाई नियमावलीच्या ३९ व्या भागाखाली निघतो आणि तो पाळल्याशिवाय विमान उडवणं हा नियमभंग असतो.

मग कंपनीने ‘मँडेटरी’ छापलं तर मालकावर बंधन येतं का? खासगी, बिगर-व्यावसायिक उड्डाणासाठी अमेरिकेत उत्तर सरळ आहे: नाही.

त्यामागचं कारण विमानशास्त्राचं नाही, लोकशाहीतल्या कायद्याचं आहे. नियम करण्याचा अधिकार सरकारी संस्थेला असतो, आणि तोही रीतसर: प्रस्ताव राजपत्रात छापायचा, लोकांच्या हरकती मागवायच्या, त्यांना उत्तरं द्यायची, मग नियम करायचा. फार घाई असेल तर हरकतींची पायरी वगळता येते, पण तो निर्णयही सरकारचाच. कंपनीच्या पत्रकाला आपोआप कायद्याचं बळ दिलं, तर एका खासगी उद्योगाच्या हाती कायदा करायची लेखणी दिल्यासारखं होईल. तीही सुटे भाग विकणाऱ्या उद्योगाच्या! एफएएच्या विधी विभागाने आपल्या मतांमध्ये हाच मुद्दा मांडला आहे: नियम करण्याचा आपला अधिकार आम्ही उत्पादकाला देऊ शकत नाही.

गोंधळ होतो तो दुसऱ्या एका नियमामुळे. नियमावलीचा भाग ४३ म्हणतो, विमानाची दुरुस्ती करताना उत्पादकाच्या चालू मॅन्युअलमधल्या किंवा एफएएला मान्य असलेल्या इतर पद्धती वापरा. काही मेकॅनिक यातून असा अर्थ काढतात की मॅन्युअलमध्ये जे जे आलं ते सगळं करायलाच हवं. पण हा नियम काम कसं करायचं ते सांगतो. कोणतं काम करायचं ते नाही. रूळ बदलायचा ठरला तर रिव्हेट कसे मारायचे, हे मॅन्युअल बघून मारा. बदलायचा की नाही, हा प्रश्न वेगळ्या दारातून येतो.

याला एक अपवाद आहे. नव्या विमानांच्या मॅन्युअलमध्ये ‘एअरवर्दिनेस लिमिटेशन्स’ नावाचा एक विभाग असतो. त्याला एफएएची मंजुरी असते, आणि त्यात लिहिलेलं पाळावंच लागतं. पण आज उडणाऱ्या जुन्या सेस्नांपैकी बहुतेकांचा आराखडा त्याआधीच्या नियमांखाली मंजूर झालेला. त्यांच्या मॅन्युअलमध्ये हा विभागच नाही.

भाड्याने प्रवासी नेणाऱ्या छोट्या एअर टॅक्सीला नियम कडक आहेत. तिथे उत्पादकाने शिफारस केलेला देखभाल कार्यक्रम बंधनकारक होतो. कशाकशाचा? इंजिन, प्रोपेलर, रोटर आणि आणीबाणीची उपकरणं. या यादीत सीट नाही.

रुळाची तपासणी सक्तीची, पट्टा ऐच्छिक

१९८७ च्या आदेशानंतरही सीटा घसरत राहिल्या. २०११ मध्ये एफएएने तो आदेश बदलून नवा काढला, क्रमांक २०११-१०-०९. सेस्ना १५० आणि १५२ पासून १७२, १८२, १८५, २०६, २१० पर्यंत कंपनीची बहुतेक छोटी विमानं त्यात आली. नुसत्या अमेरिकेत ती सुमारे ३६ हजार होती. दर शंभर उड्डाण तासांनी किंवा बारा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, तपासणी करायची. खर्चाचा सरकारी अंदाज विमानामागे एक तास मजुरी, म्हणजे ८५ डॉलर.

या तासाभरात काय करायचं, ते आदेशात बारकाईने दिलं आहे. रुळाला तडा आहे का ते पाहायचं. भोकं गोल आहेत की घासून लांबट झालीत, ते मोजायचं. चाकं धरणारे आकडे किती झिजलेत, ते बघायचं. मग सीटची पुढची कड वर उचलून धरायची. सगळी ढिलाई अशी वर आली की पिन भोकात किती खोल उतरली आहे, ते मोजायचं. ती खोली ०.१५ इंचापेक्षा कमी नको. म्हणजे चार मिलिमीटरही नाही. माणूस आणि योक यांच्यातलं अंतर या चार मिलिमीटरवर टिकून असतं.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते, तेही पाहण्यासारखं आहे. मेकॅनिक आधी सीट बाहेर काढतो. मग पाय दाराबाहेर, डोकं डॅशबोर्डखाली आणि तोंडात बॅटरी अशा अवस्थेत तो रुळांवर येतो. पहिलं काम मोजमापाचं नसतं, झाडलोटीचं असतं. भोकांत वाळू, गवताची काडी, च्युइंगगमचा चिकट गोळा, गालिच्याचे धागे असं काहीही निघतं. भोक तळापर्यंत मोकळं नसेल तर पिन वरच्या वर टेकते, दांडा जागेवर आल्यासारखा वाटतो आणि ‘खट्’ आवाजही होतो. अशा वेळी तो आवाजच फसवा असतो. फडक्याने रूळ पुसून झाला की बॅटरीचा झोत आडवा धरायचा. तडा असेल तर तो आडव्या उजेडात केसासारखा चमकतो.

इतकं सगळं सक्तीचं. पण या गोष्टीतला सर्वांत सोपा उपाय सक्तीचा झाला नाही.

२००७ मध्ये सेस्नाने ‘एसईबी०७-५’ क्रमांकाचं बुलेटिन काढलं. विषय: वैमानिकाच्या सीटला दुसरा रोधक. कल्पना साधी आहे. पिन चुकलीच, तरी सीट मागच्या टोकापर्यंत जाऊ नये म्हणून तिला रिळावरचा एक पट्टा जोडायचा. सीट सुटली तर पट्टा तिला थोड्याच अंतरात थांबवेल आणि वैमानिकाचे हात-पाय कंट्रोलवर राहतील. कंपनीने किट मोफत देऊ केलं. २०११ च्या आदेशाने मात्र हा पट्टा बसवण्याचं बंधन घातलं नाही. म्हणजे खिट्टी निसटण्याआधीची तपासणी सरकारने लावली, पण खिट्टी निसटल्यावर वाचवणारी वस्तू मालकाच्या मर्जीवर राहिली.

असाच प्रकार खांद्याच्या पट्ट्यांचाही आहे. अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांच्या पुढच्या सीटांना खांद्याचा पट्टा सक्तीचा आहे. त्याआधीच्या विमानाला नुसता कमरेचा पट्टाही चालतो. १९५८ चं विमान आजही कायदेशीरपणे तसं उडू शकतं.

मालक का टाळतात

किट फुकट मिळत असूनही कुणी ते बसवत नसेल, तर त्याला आळशी म्हणून मोकळं होता येईल. पण छोट्या विमानाच्या मालकाचा हिशेब एवढा सोपा नसतो.

सेस्नाने १९८६ मध्ये एका इंजिनाची पिस्टन विमानं बनवणं थांबवलं. खटल्यांचा आणि विम्याचा खर्च परवडत नाही, असं कारण दिलं. ती पुन्हा बनू लागली नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, कॅन्सासमधल्या इंडिपेंडन्स शहरात. म्हणून उडणाऱ्या ताफ्यातली बरीच विमानं चाळीस-पन्नास-साठ वर्षांची आहेत. मालक शाळामास्तर असतो, शेतकरी असतो, निवृत्त अभियंता असतो. वर्षाला पन्नास-साठ तास तो उडतो. त्याच्याकडे वर्षाकाठी पत्रकांची चळत येते: इंजिनाची, प्रोपेलरची, रेडिओची, दाराच्या बिजागरीची. सगळी पाळायची ठरवली तर काही वर्षांत खर्च विमानाच्या किमतीच्या घरात जाईल. काही पत्रकं खरंच जीव वाचवतात. काही कंपनीच्या वकिलाने लिहिल्यासारखी असतात. कोणतं कुठलं, हे ठरवायला मालकाजवळ बहुधा एकच माणूस असतो, त्याचा मेकॅनिक.

मेकॅनिकही पेचात असतो. वार्षिक तपासणीवर सही करताना त्याला आदेश पाळले आहेत की नाहीत, ते बघायचं असतं. बुलेटिन पाळलं नाही म्हणून सही नाकारणं त्याच्यावर बंधनकारक नाही. पण पुढे अपघात झाला तर वकील पहिला प्रश्न विचारणार तो याच बुलेटिनचा.

इथे १९९४ चा एक कायदा महत्त्वाचा ठरतो. जनरल एव्हिएशन रिव्हायटलायझेशन ॲक्ट. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ऑगस्टमध्ये त्यावर सही केली. विमान किंवा त्याचा भाग बनून अठरा वर्षं उलटली की उत्पादकावर सदोष मालाचा दावा लावता येत नाही, असं तो म्हणतो. नवा भाग बसवला तर त्या भागापुरती मुदत नव्याने सुरू होते, आणि कंपनीने सरकारपासून माहिती दडवली असेल तर संरक्षण जातं. छोटी विमानं पुन्हा बनू लागली, त्यात या कायद्याचा मोठा वाटा होता. पण जुन्या विमानाच्या अपघातात कंपनीचा दरवाजा बंद झाला, की दावेदार पुढच्या दारावर थाप मारतात. ते दार मेकॅनिकचं किंवा मालकाचं असतं. नियम पाळला म्हणजे निष्काळजी नव्हतो, असं अमेरिकन दिवाणी न्यायालय आपोआप मानत नाही. नियम ही किमान पातळी मानली जाते. ‘पत्रक तुमच्या हातात होतं, किट फुकट होतं, तरी बसवलं नाहीत का?’ या प्रश्नाला ‘सक्तीचं नव्हतं’ हे उत्तर खरंही आहे आणि ज्यूरीपुढे फार तोकडंही.

तिकडे, आणि इकडे

देशोदेशी ही रेघ वेगळी ओढली आहे. युरोपमध्ये मार्च २०२० पासून ‘पार्ट-एमएल’ नावाचे नियम लागू आहेत. २,७३० किलोपर्यंतच्या खासगी विमानाचा मालक स्वतःच्या जबाबदारीवर देखभाल कार्यक्रम जाहीर करू शकतो आणि त्यात उत्पादकाच्या शिफारशींपासून वेगळंही जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियाने उलट टोक धरलं. सेस्नाने जुन्या विमानांच्या सांगाड्यासाठी आणि गंजासाठी जादा तपासण्यांचे दस्तावेज काढले, तेव्हा अमेरिकेत खासगी मालकांना ते ऐच्छिक राहिले. ऑस्ट्रेलियाच्या नियामक संस्थेने मात्र ते पाळावेच लागतील अशी भूमिका घेतली. तिथल्या मालकांनी आरडाओरडा केला, आणि तपासण्या सुरू झाल्यावर काही विमानांत गंभीर गंजही सापडला.

महाराष्ट्रात ही विमानं अगदी ओळखीची आहेत. बारामती, धुळे, शिरपूर, नागपूर इथल्या आकाशात सेस्ना १५२ किंवा १७२ घिरट्या घालताना पाहिलेली पिढी आता मोठी झाली. विमान ज्या देशात आरेखलेलं त्या देशाने काढलेले सुरक्षेचे आदेश इतर देशांनी आपल्या ताफ्याला लावावेत, अशी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. म्हणून अमेरिकेत निघालेला सीट रुळाचा आदेश बारामतीच्या हँगरमध्येही येऊन पोहोचतो. शिवाय भारतात विमान प्रशिक्षण संस्थेचा देखभाल कार्यक्रम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, म्हणजे डीजीसीएकडून, मंजूर करून घ्यावा लागतो आणि तो उत्पादकाच्या शिफारशींवर उभा असतो. अमेरिकन शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातल्या धावपट्टीवर जी मोकळीक मिळते, ती इथल्या फ्लाइंग स्कूलला नाही.

सीट हा फक्त जुन्या, छोट्या विमानांचा प्रश्न आहे, असं समजणाऱ्यांना ११ मार्च २०२४ ला उत्तर मिळालं. सिडनीहून ऑकलंडला निघालेलं लाटाम कंपनीचं बोइंग ७८७ हवेत एकदम खाली झेपावलं. पट्टा न बांधलेले प्रवासी छताला आदळले. पन्नासच्या आसपास जण जखमी झाले. तपासाची दिशा गेली वैमानिकाच्या सीटकडे. इथे सीट मागे घसरली नव्हती, पुढे सरकली होती. सीटच्या पाठीवर ती विजेने हलवणारं एक बटण असतं, त्यावरचं टोपण सैल होतं. याच बटणाबद्दल बोइंगने २०१७ मध्येच सर्व्हिस बुलेटिन काढलं होतं. तपासणी सक्तीची करणारा एफएएचा आदेश निघाला ऑगस्ट २०२४ मध्ये. पत्रकापासून आदेशापर्यंत सात वर्षं गेली, आणि त्याच दरम्यान ते विमान खाली झेपावलं होतं.

छोट्या सेस्नाच्या इंजिन सुरू करण्याआधीच्या यादीत पहिल्याच ओळींत एक ओळ असते: सीट, कमरेचे पट्टे, खांद्याचे पट्टे जुळवा आणि लॉक करा. जुने प्रशिक्षक एवढ्यावर थांबत नाहीत. ते विद्यार्थ्याला दांडा सोडून पाय पेडलांवर रोवायला आणि सीटला पाठीने जोरात मागे रेटायला सांगतात. एकदा, आणि मग नाक वर उचलल्यासारखं मागे झुकून पुन्हा एकदा. सीट हलली नाही तरच किल्लीला हात.

वार्षिक तपासणी संपते तेव्हा लॉगबुकात नोंद होते. एडी २०११-१०-०९ पाळला, तारीख, तास, सही. ही ओळ यायलाच हवी. ती नसेल तर विमान जमिनीवर. तिच्याखाली एसईबी०७-५ ची ओळ काही लॉगबुकांत असते, काहींत नसते. ती नसली म्हणून धावपट्टीवर कुणी अडवत नाही. मालक वही मिटतो, सीटवर चढतो, दांडा ओढतो आणि ‘खट्’ आवाजाची वाट बघतो.